देवाचा दरबार आणि वेशीबाहेरचा ख्रिस्त

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आपले समीक्षक बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या दोन नावांपाशी आटोपतात. टिळकांचे अभंग वारकरी परंपरेत बसतात, ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्याचे लेणे ठरते, आणि ख्रिस्ती माणूसही मराठीच असतो हे सिद्ध झाले की समीक्षेचे काम संपते. परंतु कोणता मराठी माणूस, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तोच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांनी त्यात सामावून घेतले. मंडळीचे दार धर्मांतराच्या नोंदवहीने नव्हे, तर श्रद्धेने उघडावे, असा त्याचा अर्थ. मिशनऱ्यांची सत्ता आणि पाश्चात्त्य पेहराव या दोहोंना दिलेला हा नकार होता. पुरोगामी मंडळी म्हणजे काय, याचा मराठीतील हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक होय. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. १९१९ साली टिळक गेले आणि प्रयोगाला पुरेसे आयुष्य लाभले नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

तरीही या प्रयोगापुढचा प्रश्न होता, ‘ख्रिस्ती होऊनही हिंदी कसे राहावे?’ हा प्रश्न ज्याला घर सोडावे लागले त्या चित्पावन कवीचा आहे. त्याची वेदना खरी आहे. परंतु नगर भागात त्याच मिशनमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार-मांग होते. त्यांना हिंदीपण गमावण्याची भीती कशी वाटावी? ते हिंदीपण महारवाड्यात त्यांच्या वाट्याला पुरेपूर आले होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता: ‘ख्रिस्ती होऊनही आपण वेशीबाहेरच का?’ तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. दलित ख्रिस्ती माणसाची वाट त्या पुलावरून जात नाही. ती चोखोबा जेथे थांबविला गेला, त्या पायरीपासून सुरू होते. टिळकांच्या भक्तीत समता आहे. पण ती देवापुढची समता आहे. पाणवठ्यावरची समता तिच्या केंद्रस्थानी नाही. लक्ष्मीबाईंनी जातीचा विटाळ मनातून कसा गळून पडला ते अत्यंत प्रांजळपणे लिहिले आहे. पण विटाळ सोडणे आणि विटाळ सोसणे, हे दोन भिन्न अनुभव आहेत. दुसऱ्या अनुभवाला त्या काळच्या ख्रिस्ती साहित्यात तेवढी वाचा मिळाली नाही.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडत नाही, अशी तक्रार त्यांनी मांडली. धर्मांतरितांच्या स्थितीविषयीच्या लेखात ते याहून खोल गेले. माणसाचे पतन त्याच्या स्वतःच्या पापामुळे झाले, असे शिकविल्यावर अस्पृश्य आपल्या दुःखाचे कारण समाजव्यवस्थेत कसे शोधणार, हा त्यांचा सवाल होता. कोणत्याही मंडळीच्या पुरोगामीपणाची हीच कसोटी आहे. ती पाप कोठे शोधते: माणसाच्या मनात, की गावाच्या रचनेत?

या सवालाला मराठी मातीतून आलेल्या अरविंद निर्मळ यांनी उत्तर दिले. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानात त्यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली. तिच्यातूनच दलित धर्मशास्त्राची चर्चा पुढे आली. ख्रिस्त स्वतः दलित होता, ही त्यांची भूमिका होती. बापजाद्यांच्या गुलामीचे स्मरण हाच श्रद्धेचा आरंभ, असे ते मांडतात. मला ही भूमिका दलित साहित्याच्या जाणिवेशी सख्खे नाते सांगणारी वाटते. आपल्या नियतकालिकांनी तिची दखल फारशी घेतली नाही, ही आपली उणीव आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासच्या सुसाई या चर्मकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पुरावा मागितला: ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो काय? जे चर्चने आधीच उघड बोलावयास हवे होते, ते न्यायालयात सिद्ध करण्याची पाळी एका चर्मकारावर आली.

मी हे म्हसावदहून लिहितो आहे. सातपुड्याच्या या पायथ्याला भिल्ल-पावरा वस्तीत ख्रिस्ती कुटुंबे आहेत. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून येथला ख्रिस्ती भिल्ल कायद्याने आदिवासीच राहतो, आणि नगरचा ख्रिस्ती महार मात्र कायद्याच्या लेखी महार उरत नाही. आता धर्मांतरित आदिवासींनाही यादीतून वगळा, अशी मागणी होते आहे. अशा वेळी मंडळीची ओळख कशावर ठरावी? याच शहादे तालुक्यात १९७२ साली श्रमिक संघटनेने आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा प्रश्न उभा केला. तो प्रश्न ज्या प्रार्थनेत येत नाही, ती प्रार्थना कितीही उदार असली तरी अपुरी आहे.

मात्र कसोटी एकट्या चर्चला लावून चालणार नाही. जोतीरावांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या ग्रंथात एकाच घरात बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान आणि सत्यधर्मी अशी माणसे गोडीने नांदतील, असे घर कल्पिले. बौद्ध झालेल्या आपण १९९० साली सवलतींचा हक्क मिळविला. त्याच महारवाड्यातून उठून चर्चमध्ये गेलेला भाऊ अजून दाराबाहेर उभा आहे. त्याच्यासाठी आपल्या चळवळीने किती मोर्चे काढले? जोतीरावांच्या त्या घरात त्याची जागा आहे, असे आपण मानत असू, तर त्याचा लढा आपल्या मागणीपत्रात आला पाहिजे आणि त्याचे साहित्य आपल्या अंकांत.