टर्मिनलचा पडदा आणि मराठी शीर्षक : दूरस्थ ग्रंथालय-तालिकेची चिकित्सा

१९९० च्या दशकात जगातील अनेक मोठ्या ग्रंथालयांच्या तालिका टेलनेटद्वारे दूरवरच्या वाचकास खुल्या झाल्या. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसची ‘लोकिस’ ही प्रणाली १९९३ मध्ये इंटरनेटवर आली. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या ‘शेल’ खात्यात केवळ अक्षरेच दिसत, त्यामुळे ते वापरणाऱ्या महाराष्ट्रातील अभ्यासकासही टर्मिनल एम्युलेशन चुकत नव्हते. या तंत्राविषयीचे लेखन मात्र बहुधा जुळणीच्या सूचनांपुरतेच राहिले. जुळणी बिनचूक झाली तरी मराठी ग्रंथ सापडेलच असे नव्हते. हा प्रश्न जितका यंत्राचा, तितकाच भाषेचा आहे.

जुळणी म्हणजे मूलतः एक सोंग होय. संगणकाने आपण साधे टर्मिनल आहोत असे दूरच्या यंत्रास भासवायचे. सोंग कोणते, हे समोरच्या यंत्रावर अवलंबून असे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ मधील व्हीटी-१०० या टर्मिनलचा पडदा ८० स्तंभ व २४ ओळींचा होता आणि दाबलेली प्रत्येक कळ सामान्यतः तत्काळ पलीकडे जाई. आयबीएमच्या ३२७० या १९७१ मधील टर्मिनल-मालिकेचा व्यवहार निराळा होता. तेथे पडद्यावर भरलेला मजकूर एंटर वा फंक्शन कळ दाबल्यावरच एकत्र पाठविला जाई. त्यासाठी टीएन-३२७० हा वेगळा कार्यक्रम लागे. निवड चुकली की पडद्यावर कंस आणि आकड्यांचा पसारा उमटे. ‘लोकल एको’ चालू राहिल्यास प्रत्येक अक्षर दोनदा दिसे. बॅकस्पेस कळीने कंट्रोल-एच पाठवायचे की १२७ क्रमांकाचा संकेत, हेही ठरवावे लागे. हे दोष त्रासदायक होते, परंतु ते डोळ्यांना दिसत आणि म्हणूनच दुरुस्त होत.

लिपीचा दोष तसा दिसत नसे. व्हीटी-१०० च्या वर्णसंचात दीर्घ स्वरावरील आडवी रेघ नव्हती, व्यंजनाखालचा बिंदूही नव्हता. अमेरिकी ग्रंथालयांच्या रोमन लिप्यंतरणात मराठीतील बराच अर्थभेद याच दोन चिन्हांवर तोललेला आहे. ती गळाली की कला, कळा, काल, काळ, काला आणि काळा हे सहा शब्द रोमन ‘के-ए-एल-ए’ या एकाच रूपात येतात. ‘शेतकरी’ शोधणारा महाराष्ट्रीय वाचक सवयीने ‘एस-एच’ने आरंभ करणार. तालिकेत मात्र ‘श’साठी चिन्हांकित ‘एस’ असतो, ‘एस-एच’ ‘ष’साठी राखून ठेवलेला आहे आणि ‘त’मधला न उच्चारला जाणारा अकारही लिहिलेला असतो. ‘चरित्र’ शब्दाचा आरंभ तेथे ‘सी-एच’ने होत नाही, केवळ ‘सी’ने होतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला पडदा शून्य नोंदी दाखवी आणि ग्रंथच नाही असा त्याचा समज होई.

वस्तुतः ग्रंथ होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये नवी दिल्लीत कार्यालय उघडून पीएल-४८० योजनेखाली भारतीय भाषांतील पुस्तके आपल्यासाठी व अन्य अमेरिकी ग्रंथालयांसाठी जमविण्यास आरंभ केला होता, आणि त्यांत मराठीही होती. केवळ टर्मिनलला दोष देणे म्हणून अपुरे ठरते. नोंदींसाठी वापरला जाणारा मार्क-८ हा वर्णसंच चिनी, जपानी, कोरियन, अरबी, हिब्रू या लिपींना सामावून घेता झाला. देवनागरीला त्यात स्थान मिळाले नाही. भारतात १९९१ मध्ये इस्की हे मानक सिद्ध झाले होते, पण या परदेशी तालिकांपर्यंत ते पोहोचले नाही. म्हणजे मराठी शीर्षक पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी, नोंद होतानाच, आपल्या लिपीस मुकले होते. पडद्याने उरलेली चिन्हे तेवढी काढून घेतली.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९९ मध्ये नवी एकात्मिक प्रणाली स्वीकारली आणि पुढे टेलनेटचा मार्ग मागे पडला. विंडोज व्हिस्टामध्ये तर टेलनेट मुद्दाम चालू करून घ्यावे लागे. युनिकोडमुळे देवनागरी नोंद आता शक्य झाली आहे. तथापि त्या दशकांतील रोमन नोंदींचा साठा वेब-तालिकांत तसाच उतरला, आणि शोध घेताना चिन्हे वगळण्याची रीतही त्यांनी कायम ठेवली. अशा तालिकेत कलेवरील ग्रंथ हवा असणाऱ्यास काळावरचेही ग्रंथ चाळावे लागतात. तालिका-वापराच्या प्रशिक्षणात लिप्यंतरणाचा तक्ता नसतो, तोवर हा भार एकट्या वाचकावर राहतो.