कार्ल्याचें चैत्यगवाक्ष व एक रूढ उपमा

कार्ल्याच्या चैत्यगृहास ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची उपमा देण्याचा प्रघात जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथांनीं रूढ केला. मध्यें प्रशस्त दालन, दोहों बाजूंस स्तंभांच्या ओळी, त्यांमागें अरुंद पडव्या व शेवटीं अर्धवर्तुळ. तलविन्यासापुरती ही उपमा यथार्थ आहे. परंतु वास्तूची परीक्षा केवळ तलविन्यासानें होत नाहीं. प्रकाश कोठून येतो हेंही पाहिलें पाहिजे, आणि तेथें ही उपमा लंगडी पडते.

रोम येथील सांता सबीना हें पांचव्या शतकांतील मंदिर घ्यावें. तेथें मधल्या दालनाच्या भिंती पडव्यांच्या छपरांहून उंच नेल्या असून त्या उंच भागांत दोहों अंगांस खिडक्यांच्या रांगा आहेत. कार्ल्यास दोहों अंगांस अखंड डोंगर आहे. म्हणून बहुतेक सर्व उजेड द्वारांवरील एकाच विशाल, नालाकृति गवाक्षांतून घेतला आहे. सुमारें १२४ फूट लांब गुहेंत तो वरून तिरपा उतरून स्तूपाकडे जातो व पडव्या काळोखांत राहतात. एक पद्धति प्रकाश वांटते, दुसरी तो एके ठिकाणीं नेते. स्वतः फर्ग्युसन यांनीं या एकमुखी प्रकाशाची प्रशंसा केली आहे. त्यांची उपमा उचलणारे मात्र नेमका तेवढा भाग गाळतात.

दुसरा दोष शब्दार्थाचा. ‘गवाक्ष’ म्हणजे लहान झरोका, असें सरसकट लिहिलें जातें. अमरकोशांत वातायन व गवाक्ष हे पर्याय आहेत खरे. परंतु पाणिनीच्या ५.४.७६ या सूत्रान्वयें येथील ‘अक्षि’ पाहण्याचा डोळा नव्हे. वैयाकरण या शब्दाचा विग्रह गाईच्या डोळ्यासारखें तें, असा करतात. अर्थात् शब्द आकार सांगतो, मान सांगत नाहीं. पुढें हाच आकार देवालयांच्या शिखरांवर केवळ नक्षी म्हणून आला. त्यांतून उजेड येत नाहीं. हस्तलिखित शिल्पग्रंथ लावतांना खरें वातायन कोणतें व अलंकार कोणता, हा भेद प्रत्येक स्थळीं केला पाहिजे.

भाजें येथील प्रकाशावरून अनुमान करणारांनींही सावध असावें. तेथील दर्शनी भाग लाकडी होता व तो नष्ट झाला आहे. आज दिसणारा उजेड मूळ योजनेचा नव्हे. कार्ल्याच्या गवाक्षांत प्राचीन लाकडी कमानी अद्याप आहेत, म्हणून तेथील साक्ष अधिक ग्राह्य होय.

वैजयंतीच्या भूतपालाचा लेख या वास्तूस शैलगृह म्हणतो व तिला जंबुद्वीपांत उत्तम ठरवितो. वर्णनास आरंभ करावयाचा तर तो या नांवापासून करावा. उपमा मागाहून द्यावी, आणि ती जेथें संपते ती मर्यादाही सांगावी.