कॉन्फिगरेशन: ठेवायचं कुठे ते कळलं, वाचायचं कसं?

आज आपण एका लहानशा मजकुराची समीक्षा करणार आहोत. हेरोकू या कंपनीचे एक संस्थापक अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ मध्ये 'द ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप' या नावाने वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याची बारा सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं सूत्र कॉन्फिगरेशनबद्दल आहे. वाचायला काही मिनिटं पुरतात, पण सर्व्हरवर चालणाऱ्या किती तरी अ‍ॅप्लिकेशन्समध्ये त्याची छाप दिसते. म्हणूनच ते नीट तपासायला हवं.

सूत्राचं म्हणणं साधं आहे. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, म्हणजे जे जे लॅपटॉपवर वेगळं, टेस्ट सर्व्हरवर वेगळं आणि प्रॉडक्शनवर वेगळं असतं, ते कोडमध्ये लिहू नका. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ठेवा. सोबत एक कसोटीही दिली आहे. तुमचा सगळा कोड आत्ता, या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादं गुपित बाहेर पडेल का? पडणार असेल, तर कॉन्फिगरेशन अजून कोडमध्येच अडकलेलं आहे.

ही कसोटी आम्हाला आजही उत्तम वाटते. कुणालाही कळते आणि पाच मिनिटांत लावून बघता येते. आमची तक्रार वेगळी आहे. कॉन्फिगरेशन ठेवायचं कुठे, हे सूत्र सांगतं. अ‍ॅप्लिकेशनने ते वाचायचं कसं, कधी, किती ठिकाणी, आणि सापडलं नाही तर काय करायचं, यावर मात्र ते गप्प आहे. आणि घोटाळे होतात ते बहुतेक इथेच.

पहिला घोटाळा प्रकाराचा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फक्त अक्षरं असतात. आकडा नाही, खरं-खोटं नाही, यादी नाही. सगळी स्ट्रिंग. आता पायथनमध्ये कुणी 'डीबग' नावाचं व्हेरिएबल वाचलं आणि तसंच वापरलं. सर्व्हरवर त्यात 'फॉल्स' लिहिलेलं आहे. माणूस म्हणतो, डीबग बंद आहे. पायथन म्हणते, ही रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे, म्हणजे ट्रू. झालं, प्रॉडक्शनवर डीबग चालू! जँगोचं डीबग पान अशा वेळी एरर आली की सेटिंग्जसुद्धा दाखवतं. नावात पास, की, सीक्रेट, टोकन असे शब्द असतील तर जँगो ती व्हॅल्यू झाकतं, हे खरं. पण 'डेटाबेस यूआरएल' अशा साध्या नावाच्या सेटिंगमध्ये पासवर्ड असेल, तर तो या चाळणीतून सुटतो. बघा, कसोटी पूर्ण पाळली होती. कोडमध्ये एकही गुपित नव्हतं. तरी पासवर्ड ब्राउझरमध्ये दिसला.

दुसरा घोटाळा नसलेल्या व्हॅल्यूचा. डॉट नेटच्या जुन्या पद्धतीत, वेब डॉट कॉन्फिग फाइलमधल्या अ‍ॅप सेटिंग्जमध्ये नसलेली की मागितली, तर एरर येत नाही, नल मिळतो. नोडमध्ये 'अनडिफाइन्ड' मिळतं. म्हणजे नावात एक अक्षर चुकलं तरी अ‍ॅप्लिकेशन मजेत सुरू होतं आणि तीन तासांनी, कुणी तरी पहिलं बिल भरायला गेलं की पडतं. यावर लोकांनी काढलेला उपाय तर आम्हाला मूळ दुखण्यापेक्षा वाईट वाटतो. तो म्हणजे सरसकट डिफॉल्ट देणं. पोर्टला डिफॉल्ट द्या, लॉग किती सविस्तर हवा त्यालाही द्या, आमची हरकत नाही. पण डेटाबेसच्या पत्त्याला डिफॉल्ट? पेमेंट टेस्ट मोडमध्ये आहे की खऱ्या, त्याला डिफॉल्ट? व्हॅल्यू द्यायची राहिली आणि अ‍ॅप्लिकेशन टेस्ट मोडमध्ये सुरू झालं, तर ग्राहकाला 'पैसे मिळाले' असं दिसेल, माल रवाना होईल आणि खात्यात काहीच जमा होणार नाही. लॉगमध्ये एररची एक ओळसुद्धा नसेल. शोधणारा शोधणार काय?

तिसरा घोटाळा विखुरलेपणाचा. व्हेरिएबल वाचायला एक ओळ पुरते, म्हणून ती ओळ कंट्रोलरमध्येही येते, ईमेल पाठवणाऱ्या क्लासमध्येही येते, टेम्प्लेटमध्येही. मग हे अ‍ॅप्लिकेशन चालायला नेमकं काय काय लागतं, या साध्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं. नव्या सर्व्हरवर बसवताना एकेक करून कळतं, तेही पडझडीतून. लाराव्हेलने इथे बरी शिस्त लावली आहे. 'एन्व्ह' हे फंक्शन फक्त कॉन्फिग फोल्डरातल्या फाइल्समध्येच वापरा, असं त्याचं डॉक्युमेंटेशन बजावतं. कारणही आहे: कॉन्फिग कॅश केल्यावर डॉट एन्व्ह फाइल वाचलीच जात नाही आणि बाकी कोडमध्ये त्या फाइलवर विसंबलेल्या ठिकाणी नल हाती येतो. पुष्कळांना हा लाराव्हेलचा त्रास वाटतो. आम्हाला तो उपयोगाचा वाटतो. इकडून तिकडून वाचण्याची सवय त्यामुळे उघडी पडते.

मग वाचायचं कसं? आमचं म्हणणं थोडक्यात असं. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना, एकाच ठिकाणी, सगळ्या व्हॅल्यूज वाचा. तिथेच स्ट्रिंगचा आकडा करा, खरं-खोटं ठरवा, यूआरएल तपासा. आवश्यक काही नसेल तर सुरूच होऊ नका, आणि काय काय नाही ते एकदम, नावासकट सांगा. नाव सांगा, गुपित छापू नका. त्यानंतर बाकीच्या कोडला तयार ऑब्जेक्ट द्या. एन्व्हायर्नमेंटला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. डॉट नेट ६ पासून ऑप्शन्स सुरुवातीलाच तपासण्याची सोय आली आहे, ती याच विचाराची.

यावर एक आक्षेप हमखास येतो. एका सेटिंगपायी अख्खी साइट बंद ठेवायची? प्रश्न रास्त आहे. पण डिप्लॉय नीट रचला असेल, तर नवी प्रोसेस उभी राहिली नाही की जुनी चालूच राहते. ग्राहकाला काही कळत नाही, आणि दुरुस्ती करणारा माणूस त्या वेळी समोरच बसलेला असतो. रात्री दोनला त्याला उठवण्यापेक्षा हे बरं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चालू अ‍ॅप्लिकेशनमध्ये एखादी व्हॅल्यू बदलायची असेल तर? त्यासाठी डॉट नेटमध्ये तीन वाटा आहेत: एकदाच वाचलेली व्हॅल्यू, प्रत्येक रिक्वेस्टसाठी ताजी केलेली, आणि सतत लक्ष ठेवून बदलणारी. मधली वाट महत्त्वाची, कारण एकाच रिक्वेस्टच्या सुरुवातीला कराचा एक दर आणि शेवटी दुसरा, असं व्हायला नको. अपवाद असावेत, पण ते ठरवून केलेले असावेत.

सूत्रावर अन्याय नको. २०११ मध्ये त्याची लढाई कोडमध्ये लिहिलेल्या पासवर्डशी होती आणि तिथे ते बरोबरच होतं. फक्त एन्व्हायर्नमेंटला तिजोरी समजू नका. चाइल्ड प्रोसेसला ते सहसा जसंच्या तसं वारशात मिळतं, आणि पीएचपीइन्फोचं एखादं विसरलेलं पान ते सरळ छापू शकतं.

आज गेल्यावर एक करा. आपल्या कोडमध्ये एन्व्हायर्नमेंट किती ठिकाणी वाचलं जातं, ते शोधून मोजा. मग त्यातलं एकेक व्हेरिएबल काढून अ‍ॅप्लिकेशन सुरू करून बघा. जे नसतानाही काही बोलत नाही, त्याची यादी करा. पुढचं काम त्या यादीपासून सुरू होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.