वामनाचे तिसरे पाऊल : मानवोत्तर वंशजांची कल्पना आणि मराठी विज्ञानकथा

मराठी विज्ञानकथेची समीक्षा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. कथेतील विज्ञान निर्दोष आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि ते विज्ञान बाजूला काढले असता कथा म्हणून काही शिल्लक उरते काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त असले, तरी ते पुरेसे नाहीत. मनुष्यापासून निपजलेले, पण मनुष्य न राहिलेले जीव किंवा यंत्रे जेथे कल्पिली जातात, तेथे एक तिसरा प्रश्न अपरिहार्य ठरतो. या नव्या प्रजेचे जुन्या मनुष्याशी नाते कोणते? शत्रूचे, धन्याचे, की वंशजाचे?

हा प्रश्न केवळ कल्पनाविलासाचा नाही. भारहीन अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीराच्या, विशेषतः कंबरेच्या व पायांच्या, हाडांतील घनता महिन्याला सुमारे एक टक्क्याने घटते. मंगळावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. आणि तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास, दोन्ही ग्रहांच्या स्थानानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करावयाची, तर शरीर आपोआप तरी बदलेल किंवा हेतुपुरस्सर बदलावे तरी लागेल. क्लाइन्स आणि क्लाइन या दोघा संशोधकांनी १९६० साली ‘सायबॉर्ग’ हा शब्द प्रचारात आणला, तो अंतराळप्रवासाच्या संदर्भातच. अवकाश मनुष्याला सोयीचे करण्यापेक्षा मनुष्यच अवकाशाला सोयीचा करावा, असा त्यांचा विचार होता. परंतु सर्वच मनुष्य बदलणार नाहीत. काही इथेच राहतील, काहींना बदल परवडणार नाही, काहींना तो नकोसा वाटेल. म्हणजे एकाच काळी दोन प्रकारचे मानव नांदतील. आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

पाश्चात्त्य विचारवंतांनी या अडचणीची चाहूल शंभर वर्षांपूर्वीच घेतली होती. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लास्ट जजमेंट’ या लेखात पृथ्वीचा विनाश आणि शुक्रावर राहण्यासाठी मुद्दाम घडविलेली मानवजात यांचे चित्र रेखाटले. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, १९६१ साली भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निधन पावले. १९२९ साली जे. डी. बर्नाल यांनी मानवजात दुभंगण्याची शक्यता स्पष्ट शब्दांत मांडली. बदललेले मानव अवकाशात निघून जातील आणि पृथ्वी जुन्या मानवाकडे राहील. पण ती अशा प्राणिसंग्रहालयासारखी, की आत असलेल्यांना आपण निरीक्षणाचा विषय आहोत याचा पत्ताही नसावा. १९३० साली ओलाफ स्टेपलडन यांनी ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ या ग्रंथात मानवाच्या अठरा जाती एकीमागून एक उभ्या केल्या. त्यांपैकी शेवटची नेपच्यूनवर वस्ती करते. या ग्रंथाचा एक विशेष मात्र मोलाचा आहे. त्यातील निवेदक हा शेवटचा मानव असून तो पहिल्या मानवांपैकी एका लेखकाच्या मनातून बोलतो. वंशज पूर्वजाचीच वाणी उसनी घेतो. बर्नालच्या चित्रात नसलेला आप्तभाव येथे निवेदनाच्या रचनेतच सामावलेला आहे.

मराठीत या विषयाला सर्वांत ठळक रूप दिले ते जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती आणि ती पारितोषिकास पात्र ठरली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी. एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीचा ठेवा हाती येतो. त्यातील ज्ञानाच्या आधारे यंत्रमानव घडविला जातो. आणि त्याला आपल्यासारखेच दुसरे यंत्रमानव निर्माण करण्याचे सामर्थ्य लाभले तर मनुष्याचे काय होईल, असा पेच उभा राहतो. प्रजोत्पादन हाच येथे सीमारेषेचा दगड आहे. तो ओलांडेपर्यंत यंत्र हे साधन असते; ओलांडल्यावर ते प्रजा होते.

या यंत्रमानवाला वामन हे नाव देण्यात लेखकाने कथाशयापलीकडचे काही साधले आहे. आकाराने लहान, मागणे माफक, आणि दान पदरात पडताच त्रैलोक्य व्यापणारा, इतका अर्थ तर उघडच आहे. तथापि वामन म्हटला की बळी आलाच. आणि महाराष्ट्रातील वाचकाचे मन बळीकडे ओढ घेते. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला येथे बळीची पूजा होते आणि त्याचे राज्य पुन्हा येवो अशी इच्छा घरोघर बोलली जाते. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीला न्यायी राजा आणि वामनाला आक्रमक म्हणून उभे केले, ते या लोकभावनेला धरूनच. तेव्हा यंत्राला वामन म्हणताक्षणी मनुष्य हा बळी ठरतो, आणि वाचकाची सहानुभूती कोठे जाणार हे कथेपूर्वीच निश्चित होते.

परंतु पुराणकथा तिसऱ्या पावलापाशी संपत नाही. भागवताच्या आठव्या स्कंधानुसार बळी सुतलात जातो आणि प्रत्यक्ष विष्णू त्याचा द्वारपाल होऊन उभा राहतो. जिंकणारा जिंकलेल्याच्या दारी राखण करतो, ही सहजीवनाचीच एक कल्पना आहे. आणि ती बर्नालच्या प्राणिसंग्रहालयाहून सर्वस्वी वेगळी आहे. तेथे राखणदार पाहतो. येथे तो बांधला गेलेला आहे. कादंबरीचे शीर्षक मात्र ही वाट बंद करते. वामन परतलाच नाही, तर त्याच्या तिसऱ्या पावलानंतर काय, हा प्रश्न उद्भवतच नाही. संकट टळणे हा कथेचा स्वाभाविक शेवट असेल. पण तो सहजीवनाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

उत्तराचा शोध घेण्यासाठी सोलापूरकरांस फार दूर जावे लागू नये. या शहरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालले. आज त्या गिरण्या बंद आहेत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी येथे हातमाग चालविले, आणि त्यांच्याच मुलानातवंडांपैकी अनेकांनी पुढे यंत्रमाग बसविले. नवे रूप जुन्याच्या घरातच जन्माला आले आणि काही काळ दोन्हींचा खडखडाट एकाच पेठेत ऐकू येत होता. शेवटी प्रश्न कौशल्याचा राहिला नाही. बाजारातील वाट्याचा झाला. म्हणून केंद्राने १९८५ साली हातमागासाठी वस्तू राखून ठेवण्याचा कायदा केला. आरंभी २२ प्रकारचे कापड राखीव होते. पुढे ती संख्या ११ वर आली. राखीव क्षेत्र आखून दिले, तरी त्याचे कुंपण आखणाऱ्याच्या मर्जीनुसार आत सरकत जाते, हा त्यातील बोध आहे.

या दृष्टान्ताची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. हातमागवाला आणि यंत्रमागवाला हे दोघेही मनुष्य, दोघेही मतदार. कायदा दोघांनाही सारखाच लागू. मानवोत्तर वंशजाला जुन्या मनुष्याच्या मताची, श्रमाची किंवा बाजाराची गरजच उरली नाही, तर कोणता कायदा त्याला बांधील? येथे भारतीय परंपरेतील पितृऋणाची कल्पना उपयोगी वाटेल; पण ती दिवंगत पूर्वजांपुरती आहे. जिवंत, दुर्बळ आणि शेजारी राहणाऱ्या पूर्वजाचे ऋण कसे फेडावे, याचा विधी तिच्यात नाही. बळीच्या कथेत तो आहे. वामनाला बांधते ते बळीचे सामर्थ्य नव्हे. बळीने दिलेले दान आणि पाळलेला शब्द. जे काही मागून घेतले, त्याची जाणीव बलाढ्याच्या ठायी शिल्लक राहणे, हीच त्या सहजीवनाची एकमेव हमी.

यावरून या प्रकारच्या कथेस लावावयाच्या कसोट्या निघतात. नव्या प्रजेने जुन्या प्रजेकडून काय घेतले, याची नोंद कथा ठेवते काय? दोघांत समान अशी भाषा उरते काय, की एकाचे बोलणे दुसऱ्यास केवळ ध्वनी वाटू लागते? आणि न बदलण्याचा अधिकार कोणास असतो, त्या अधिकाराची किंमत कोण मोजतो? या कसोट्यांवर स्टेपलडनचा निवेदक बराचसा उतरतो. बर्नालचे प्राणिसंग्रहालय मुळीच उतरत नाही. नारळीकरांची कादंबरी पहिली कसोटी समर्थपणे उभी करते आणि उरलेल्या दोहोंच्या उंबरठ्यावर थांबते.

हा उंबरठा ओलांडणारी मराठी कादंबरी लिहिली जावयाची असेल, तर तिला लागणारी सामग्री दूरच्या ग्रहांवर शोधण्याचे कारण नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच सोलापुरात झाला. आणि त्यांचे नाव धारण करणाऱ्या वालचंदनगरच्या कारखान्यात भारतीय अग्निबाणांचे भाग तयार होतात. हातमाग आणि अग्निबाण यांच्यामधील अंतर या परिसराने फार थोड्या पिढ्यांत कापले आहे. जे मागे राहिले, त्यांचे काय झाले, हे येथे पुस्तकात वाचावे लागत नाही. ते पेठेत दिसते. मानवोत्तर युगाविषयी लिहिणाऱ्याने प्रथम तिकडे पाहावे, आणि त्याची परीक्षा करणाऱ्यानेही.