तीळ, वाळू आणि फिल्टर स्वीप

मघाशी आपण दोन तुकडे ऐकले. पहिल्यात आवाज आधी दबलेला होता, बंद खोलीत गाणं चालू असावं तसा. मग कुणी हळूहळू दार उघडावं तसा तो मोकळा झाला. दुसऱ्यात मी अगदी तीच क्रिया केली होती, पण तिथे आवाज जरा वाढला आणि संपलं. असं का झालं?

या क्रियेला फिल्टर स्वीप म्हणतात. लो-पास फिल्टर ही एक गाळणी. ठरावीक मर्यादेखालच्या कंपनसंख्या ती जाऊ देते, वरच्या अडवते. ती मर्यादा म्हणजे कटऑफ. हा कटऑफ 200 हर्ट्झवरून 10,000 हर्ट्झपर्यंत सरकवत नेला की झाला स्वीप. एबलटन लाइव्हमध्ये ऑटो फिल्टर लावायचा, ऑटोमेशनची रेघ ओढायची. नातवाने मला हे पाच मिनिटांत शिकवलं.

पहिला तुकडा सॉटूथ लहरीचा होता. तिच्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात. दुसरा साइन लहरीचा. तिच्यात एकच कंपनसंख्या. गाळणी मोकळी केली तरी मागून येणार काय?

इथे मला सांख्यांचा सत्कार्यवाद आठवतो. कार्य हे कारणात आधीपासून असतंच, ते फक्त प्रकट होतं. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही. सॉटूथ म्हणजे तीळ, साइन म्हणजे वाळू. स्वीप काही निर्माण करत नाही, तो असलेलं उघड करतो. आता कुणी नैयायिक म्हणेल, रेझोनन्सचं काय? बरोबर आहे. रेझोनन्स वाढवला की कटऑफजवळचे उपस्वर फुगतात, आणि काही फिल्टर तर शेवटी स्वतःच शीळ घालू लागतात. म्हणजे तिथे नवं काही जन्मतं. वाद पूर्ण मिटत नाही, आणि मला तेच आवडतं.

आता टीकेकडे वळू. 1987 साली शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड आली. रोलंड टीबी-303 या छोट्या यंत्रावर एकच बेसची ओळ दहा मिनिटांहून अधिक वेळ फिरत राहते. स्वर तेच, पण हाताने नॉब फिरवत राहिल्यामुळे त्यांचा रंग सतत बदलतो. फिरवणारा ऐकतोय आणि ऐकून फिरवतोय, हे आपल्याला कळतं.

हेच यंत्र मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982च्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या तबकडीसाठी वापरलं होतं. त्यावरून त्यांनीच ॲसिड हाउसचा शोध लावला, असं पुष्कळ लिहिलं गेलं. मला ही समीक्षा आळशी वाटते. यंत्र एक असलं म्हणून विचार एक होत नाही. चरणजितांच्या संगीतात विस्तार होतो तो रागाच्या स्वरांचा, शिकागोत तो स्वराच्या पोटातल्या रंगाचा. दोन्ही मोठी कामं आहेत, पण एकाला दुसऱ्याचं पूर्वरूप म्हटलं की दोन्ही नीट ऐकायची राहून जातात.

आणि आजचं काय? आज स्वीप बहुतेक वेळा वायदा म्हणून येतो. आठ किंवा सोळा बार आवाज दाबून ठेवायचा, सरळ रेघेने उघडत न्यायचा आणि मग ड्रॉप. श्रोत्याला मिळतं काय? मघाशी त्याच्याकडून काढून घेतलं, तेच. आपलीच वस्तू लपवून आपल्यालाच बक्षीस द्यावी, तसं हे झालं. पहिल्यांदा गंमत वाटते. दहाव्यांदा आपण ऐकत नसतो, फक्त वाट बघत असतो. माझी तक्रार एवढीच आहे. ऐकणं आणि वाट बघणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी कधी आली ते कळतसुद्धा नाही.

तंबोरा आठवा. जवारी नीट लागली की एकाच तारेतून उपस्वर एकामागून एक उमलतात. तोही एका अर्थी स्वीपच. पण तंबोरा कसलाही वायदा करत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या तरुण मित्रांना माझं सांगणं असं की, रेघ ओढण्याआधी फिल्टर पूर्ण उघडा ठेवून आवाज दोन मिनिटं नुसता ऐका. आत तीळ आहेत का वाळू, ते आधी बघा. मग नॉबला हात लावा.

आता प्रश्न घेऊ या.