बिल्ला कोणाच्या छातीवरचा?

एकलहऱ्याचे वीजकेंद्र १९७० साली सुरू झाले. त्याच्या वसाहतीतील एका निवृत्त कामगाराने जुन्या निवडणुकांचे बिल्ले जमविले आहेत. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, पुठ्ठ्याचे; मखमलीवर रंगानुसार लावलेले. गंजलेल्या टाचण्या काढून नव्या घातलेल्या. पाहणारा 'वा!' म्हणतो. माझा आक्षेप त्या 'वा'ला आहे.

लोकसभेचा बिल्ला निदान पक्ष तरी सांगतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती दिसला की १९५७ साली नाशिकमधून निवडून गेलेले दादासाहेब गायकवाड आठवतात. पुढे रिपब्लिकन पक्षाची शकले झाली आणि हत्ती बहुजन समाज पक्षाकडे गेला, हेही आठवते. ग्रामपंचायतीच्या बिल्ल्याचे तसे नाही. तिथे पक्षचिन्ह नसते. कपबशी, छत्री, शिलाई यंत्र ही चिन्हे त्या निवडणुकीपुरती मिळतात. पुढच्या खेपेस तीच कपबशी विरोधकाची! गाव, वॉर्ड, साल, उमेदवार यांची नोंद नसेल तर असा बिल्ला मुका होतो. या संग्रहात तशी एकही नोंद नाही.

नोंद नसण्यात फायदा कोणाचा? राखीव जागेवर आपला माणूस उभा राहतो, पण पॅनेल पुष्कळदा दुसऱ्याचे असते. मग बिल्ल्यावर पॅनेलप्रमुखाचा चेहरा ठसठशीत आणि उमेदवाराचे नाव कडेला, बारीक अक्षरांत. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने सरपंचपदेही राखीव झाली. खुर्ची आपली, पण शब्द कोणाचा? याचे उत्तर त्या अक्षरांच्या आकारात वाचता येते. संग्राहक मात्र रंगच वाचतो.

आणि त्या टाचण्या! ज्याची चूल बागाईतदाराच्या मजुरीवर पेटते, त्याने विरोधातला बिल्ला उघड लावणे म्हणजे उद्याचे काम पणाला लावणे. कोणी तो सदऱ्याच्या आत लपविला असेल, कोणी रोजावर लावून फिरला असेल. टाचणीवरचा गंज ही त्या घामाची खूण होती. ती पुसली, वस्तू देखणी झाली, माणूस नाहीसा झाला.

संग्रह मोडा, असे माझे म्हणणे नाही. गावातले, वसाहतीतले म्हातारे अजून बोलते आहेत. त्यांच्याकडे जावे आणि प्रत्येक बिल्ल्याखाली चार ओळी लिहून घ्याव्यात : कोणी लावला, कोणासाठी लावला, त्यापायी काय सोसले. पडलेल्या उमेदवारांचे बिल्लेही शोधावेत. ते विजेत्यांइतके जपले जात नाहीत. तोवर ही मखमलीची पेटी दिवाणखान्याची शोभा आहे, आपला इतिहास नव्हे.