छाट कोण काढतो? : विडी कामगार आणि 1950 चा निकाल

मित्रहो, गेल्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या, तिथले संप, तिथले कायदे यांचा भंडाऱ्याशी काय संबंध? आज त्या प्रश्नाला धरूनच बोलू.

आपल्याकडची रेल्वे 1880 च्या सुमारास आली. नागपूर-छत्तीसगड मीटरगेज म्हणून ती सुरू झाली. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली. तेंदूपत्ता इथल्या जंगलातला, पण तंबाखू गुजरातचा आणि निपाणीचा. तो आणायचा आणि तयार विडी बाहेर पाठवायची, तर रूळ हवेत. म्हणजे बघा, याच रुळांनी दोन प्रकारचे कामगार वाढवले. एक रेल्वेचा. त्याचं नाव हजेरीपटावर, मालक कोण ते स्पष्ट. म्हणून तो 1927 मध्ये खरगपूरला संप करू शकला. दुसरी, ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई. तिला पानं-तंबाखू देतो सट्टेदार, विड्या मोजून घेतो सट्टेदार. कारखानदार तिला दिसतच नाही.

आता मुख्य मुद्दा. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने 1948 मध्ये विडी उत्पादनाच्या नियमनाचा एक कायदा केला. भंडारा त्याच प्रांतात होता. शेतीच्या हंगामात ठराविक गावांत विडी वळायला बंदी घालायचा अधिकार डेप्युटी कमिशनरला मिळाला. हेतू काय, तर शेताला मजूर मिळावेत. सागर जिल्ह्यात 1950 च्या हंगामात अशी बंदी आली. चिंतामणराव नावाचे विडी कारखानदार आणि एक विडी कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायालय म्हणालं, म्हातारे, आजारी, शेतात राबू न शकणाऱ्या बायका, सगळ्यांनाच सरसकट बंदी, हे वाजवी निर्बंधात बसत नाही.

हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याचा विजय म्हणून शिकवला जातो. निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. शेतमालकाला मजूर स्वस्त मिळावा म्हणून बाईच्या हातातलं सूप काढून घेणं, हा जुलूमच होता. माझी टीका वेगळी आहे. या खटल्यात कारखानदार आणि कामगार एकाच बाजूला उभे राहिले आणि दोघांचं स्वातंत्र्य एकच मानलं गेलं. ते एक होतं का?

उत्तर आठ वर्षांनी मिळालं. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सागरचाच विडी कारखाना, पुन्हा चिंतामणराव हेच नाव. या वेळी कारखानदारांचं म्हणणं, सट्टेदार आमचे कामगार नाहीत, ते स्वतंत्र ठेकेदार. न्यायालयाने ते मान्य केलं. म्हणजे धंदा चालू ठेवायचा तेव्हा आपण सगळे एक, जबाबदारी आली की तुम्ही कोण, आम्ही कोण!

अमेरिकेतही हेच झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या चाळींतल्या खोल्यांत कुटुंबं सिगार वळत. तंबाखूच्या धुळीतच पोरं झोपत. सिगार कामगारांचे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स यांनी कायद्यासाठी धडपड केली, तरुण आमदार थिओडोर रूझवेल्ट यांनी साथ दिली. 1884 मध्ये बंदीचा कायदा झाला आणि 1885 मध्ये तिथल्या न्यायालयाने तो रद्द केला. का, तर माणसाला स्वतःच्या घरात स्वतःचा धंदा करायचं स्वातंत्र्य आहे. रेल्वे कामगारांचंही तेच. संघटनेत गेला म्हणून कामावरून काढू नये, या 1898 च्या कायद्यातलं कलम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1908 मध्ये कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली फेटाळलं. स्वातंत्र्य कामगाराच्या नावाने, फायदा मालकाचा.

मग आपल्याकडे वाट कुठे सापडली? छाटीत सापडली. विड्या वळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, सगळ्यात जास्त राग कशाचा? छाटीचा. दिवसभर वळलेल्या विड्यांतून सट्टेदार काही बाजूला काढतो, त्यांची मजुरी नाही. नागपूरच्या एका विडी कारखान्याचा खटला 1961 मध्ये आला. मालक म्हणाला, हे लोक वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, ते माझे कामगार कसे? न्यायालयाने म्हटलं, संध्याकाळी खराब विडी नाकारता ना, तीच तुमची देखरेख. 1964 मध्ये मद्रासकडच्या खटल्यात मध्यस्थामार्फत घरी विड्या वळणारेही कारखान्याचेच कामगार ठरले. आणि 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्याला व्याख्येतच घेतलं. सट्टेदार मध्ये असला तरी मूळ मालक सुटत नाही.

म्हणून मी म्हणतो, कामगाराविषयीचा कायदा किंवा निकाल वाचताना 'स्वातंत्र्य' हा शब्द किती वेळा आला ते मोजू नका. मालक कोण, हे त्यात ठरवलंय का ते बघा. 1950 च्या निकालाने डेप्युटी कमिशनरचा हुकूम बारकाईने तपासला. सट्टेदाराची वही कुणी उघडलीच नाही, कारण प्रश्नच तसा मांडला गेला नव्हता.

हा जुना इतिहास म्हणून सोडून देऊ नका. विडी कामगार कल्याणाचा उपकर 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गेला. 1966 चा कायदा 2020 च्या संहितेत विरघळला. स्वतःच्या घरात स्वतःसाठी वळणाऱ्याला जुन्या कायद्यात सूट होती, ती संहितेतही आहे. सूट योग्यच आहे. पण उद्या कुणी कागदावर लिहून घेतलं की ही बाई पानं-तंबाखू विकत घेते आणि विडी विकते, म्हणजे ती स्वतंत्र धंदेवाली, तर तिचा भविष्यनिर्वाह निधी कुणी भरायचा? त्या कागदावर अंगठा देण्याआधी तिने एकच विचारावं: मी धंदेवाली असेन, तर माझ्या विडीची छाट तू कशी काढतोस?

आता तुमचे प्रश्न घेऊ.